मेस्त्रींना विचारा : साडेतीनशेचं पाचशे पस्तीस करू का?

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस माझ्या गाळ्यात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक, गाडीला झेंडूचा हार घालायचाय तर निदान ऑइल तरी बदलून घेऊ म्हणणारी. दुसरी, बोनस हातात पडायच्या आधीच तो कुठे घालायचा हे ठरवून बसलेली. यंदाच्या पत्रांत दुसऱ्यांचाच भरणा आहे आणि सगळ्यांना हवंय एकच, मोठा बोअर, म्हणजे पिस्टन ज्या नळीत धावतो तिचा व्यास वाढवून हवाय. चिंचपोकळीच्या गाळ्यात मी चौतीस वर्षं ब्लॉक, म्हणजे त्या नळीचं धड, बोअर केले. आता गाळा भाचा बघतो. मी सकाळी जाऊन स्टुलावर बसतो, चहा पितो आणि त्याच्या कामात नाक खुपसतो. जन्मभर बोअर वाढवायचे पैसे घेतलेला माणूस आता लोकांना थांबवतोय म्हणून कुणाला हसू आलं तर येऊ दे.

मेस्त्रीकाका, माझी २०१४ ची रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे, ६२,००० किलोमीटर झालेत. रविवारी ग्रुपबरोबर माळशेज, लोणावळा असं फिरणं असतं. जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढताना मागे बायको असली की तिसऱ्या गिअरवर यावं लागतं आणि ग्रुप पुढे निघून जातो. एका मेकॅनिकने ५३५ चं किट सांगितलंय. म्हणतो, फक्त ब्लॉक-पिस्टन बदलायचा, दोन दिवसांचं काम. ४५,००० खर्च आहे. करू का?
— डोंबिवली (पूर्व)

त्या 'फक्त'चा आधी हिशेब करू.

तुझ्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९०. बोअर गुणिले बोअर, गुणिले ०.७८५, गुणिले स्ट्रोक. सेंटिमीटरमध्ये धर, ३४६ सीसी येतात. कंपनीच्या क्लासिक ५०० चा स्ट्रोक तोच, ९०. बोअर मात्र ८४, म्हणून ४९९. पुढे २०१३ साली कॉन्टिनेंटल जीटी आली, तिचा बोअर ८७, स्ट्रोक पुन्हा ९०, म्हणून ५३५. म्हणजे तुझा मेकॅनिक सांगतोय ते काही हवेतलं नाही, कंपनीने स्वतःच ते करून विकलंय. फायदाही खराच आहे. ३५० चा टॉर्क २८ न्यूटन-मीटर, ५०० चा ४१.३, जीटीचा ४४. सीसी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात ओढ वाढलेली दिसेल. घाटात मागे माणूस बसलं की कामाला येते ती ही ओढच.

पण कंपनीने ब्लॉक-पिस्टन बदलून झाकण लावलं नव्हतं. हेड वेगळं, व्हॉल्व्ह वेगळे, कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन, पिस्टनच्या वर-खाली चालीवर फिरणारा दांडा म्हणजे क्रँक, तिचं बॅलन्सिंग त्या पिस्टनच्या वजनाला धरून. तुला यातलं काय मिळणार आहे, ते विचार.

पहिला प्रश्न कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पटीने दाबतो त्याचा. तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.५ ला १. म्हणजे पिस्टन अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर हेडमध्ये साधारण ४६ सीसीची पोकळी उरते. तीच पोकळी ठेवून खाली ५३५ सीसीचा ब्लॉक बसवलास तर ५३५ अधिक ४६, भागिले ४६. साडेबारा! हवेवर थंड होणारं इंजिन, पंपावरचं साधं पेट्रोल, आणि मे महिन्यात सायनच्या सिग्नलला तिसऱ्यांदा लाल झालेला दिवा. स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटायला लागेल. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येतो त्याचा. तो आवाज 'बुलेटचा ठोका' म्हणून कौतुकाने ऐकणारे लोक मी पाहिलेत. नंतर त्यांच्या पिस्टनच्या डोक्याला पडलेलं भोकही पाहिलंय.

म्हणून किटमध्ये डोक्याला खड्डा असलेला पिस्टन तरी हवा, नाहीतर हेड वेगळं. मेकॅनिकला सरळ विचार, "कॉम्प्रेशन किती येणार?" त्याने आकडा सांगितला तर पुढे बोल. तो "काय टेन्शन घेऊ नको भाई" म्हणाला तर गाडी घेऊन ये परत. मी हेडची पोकळी कशी मोजतो ते सांगतो, तुला घरीही करता येईल. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसलेले. वर भोक पाडलेला काचेचा तुकडा ग्रीस लावून चिकटवायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसल्या ब्युरेटने भोकातून पातळ तेल सोडायचं. काचेखालचा शेवटचा बुडबुडा गेला की आकडा वाचायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ४५,००० मागणाऱ्या माणसाला ते करायला लाज वाटायला नको.

दुसरी गोष्ट, ब्लॉकच्या आतली स्लीव्ह, म्हणजे ती नळी, खाली क्रँककेसच्या, क्रँक ज्यात बसते त्या पेटीच्या, तोंडात उतरते. ७० च्या पिस्टनची स्लीव्ह आणि ८७ च्या पिस्टनची स्लीव्ह, जाडीत फरक पडणारच. तोंडात मावत नसेल तर केस लेथवर घेऊन तोंड मोठं करावं लागतं, आणि त्यासाठी सगळं इंजिन उतरवून दोन्ही केस मोकळ्या कराव्या लागतात. दोन दिवस तिथेच संपले. शिवाय एकदा कापलेली केस परत भरून येत नाही, आणि तुझा इंजिन नंबर त्याच केसवर ठोकलेला आहे. जी गोष्ट मागे घेता येत नाही तिथे मी गिऱ्हाइकाला एक चहा जास्त पाजतो आणि पुन्हा विचारतो.

तिसरं, वजन. मोठा पिस्टन जड असतो. तुझ्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट नाही. क्रँकच्या वजनांनी पिस्टनचं वजन जमेल तेवढं तोलायचं, एवढाच बंदोबस्त. तो तोल तुझ्या आत्ताच्या पिस्टनसाठी धरलेला आहे. जड पिस्टन घातलास की हँडल, फूटरेस्ट, आरसे, सगळ्यांना मुंग्या येणार आणि नंबरप्लेटचे बोल्ट वाटेत गळणार. आणि कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणारं, ६२,००० किलोमीटर झालेलं बिग एंड बेअरिंग? ब्लॉक उघडल्यावर कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून सरळ वर-खाली ओढून बघ. आडवी थोडी हालली तर चालते. उभी कणभर जरी टकटकली तरी क्रँक गेली. त्यावर मोठा पिस्टन म्हणजे म्हाताऱ्या हमालाच्या डोक्यावर दुसरी पाटी.

क्लचप्लेट, कार्ब्युरेटरचे जेट, ब्रेक यांच्यात फार शिरत नाही. खर्च तिथेही आहे आणि त्या ४५,००० मध्ये तो धरलेला नसणार.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे मी उगाच भीती घालतोय असं वाटायचं नाही. १९९६ साल. माझी स्वतःची जुनी कास्ट आयर्न बुलेट होती. एका गिऱ्हाइकाने बाहेरदेशातून फोर्ज्ड पिस्टन मागवला आणि त्याचा बेत फिसकटला, म्हणून पिस्टन माझ्याकडे राहिला. मी म्हटलं, चला, आपणच घालू. पिस्टनबरोबर कागद होता, तो मी वाचला नाही. मला कागद कशाला, मी मेस्त्री! साध्या कास्ट पिस्टनला ठेवतो तेवढाच क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट, ठेवला, तीन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आमच्या लेथवर अजून इंचच चालतात. फोर्ज्ड पिस्टन तापला की जास्त फुगतो आणि त्याला जागाही जास्त लागते. ते त्या कागदावर पहिल्याच ओळीत छापलेलं होतं.

शहापूरपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. कसारा घाट निम्मा चढलो असेन, इंजिनाचा आवाज अचानक बसला, जणू कुणी घसा दाबला, आणि मागचं चाक फरफटायला लागलं. हात सवयीने क्लचवर होता म्हणून उभा राहिलो. परत आलो ते कांद्याच्या टेम्पोत, गाडी पोत्यांना बांधून. ब्लॉक उघडला तर पिस्टनवर चारही कोपऱ्यांना चार उभे ओरखडे, आणि अॅल्युमिनियम भिंतीला लागलेलं, दूध करपून पातेल्याला लागतं तसं. ही खूण लक्षात ठेव. चारही कोपऱ्यांवर ओरखडे म्हणजे क्लिअरन्स कमी पडला, दुसऱ्या कुणाला दोष द्यायचा नाही. तो पिस्टन अजून गाळ्यात आहे. भाचा त्यात वॉशर ठेवतो, आणि मी जास्त शहाणपण सांगायला लागलो की वॉशर खुळखुळवतो.

राहिलं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात जे लिहिलंय आणि कंपनीने जे बनवलंय त्यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. "नाक्यावरच्या हवालदाराला बोअर कुठे दिसतो?" असं मला रोज कुणीतरी विचारतं. नाही दिसत. पण विम्याच्या सर्व्हेअरला दिसू शकतो, आणि तो येतो ते नेमका वाईट दिवस असताना. त्यात तुझी गाडी ३५० च्या रेषेच्या अलीकडची आहे. थर्ड पार्टी विम्याला १५० ते ३५० सीसीचा एक गट, त्यावरचा दुसरा, आणि वरच्या गटाचा हप्ता दुपटीपेक्षा जास्त. तू ३४६ चा हप्ता भरणार आणि ५३५ चालवणार. कुणाला धक्का लागला तर तो फरक कुणाच्या खिशातून जाईल, याचा विचार कर.

मग करायचं काय? उद्या सकाळी गाडी मधल्या स्टँडवर घे आणि मागचं चाक हाताने फिरव. सहज फिरतंय की ब्रेक घासतोय? निम्म्या 'पिकअप नाही'वाल्या गाड्यांचा रोग मला इथेच सापडलाय. चेन वाळलेली आहे का बघ. एअर फिल्टर कधी बदलला होतास, आठवत नसेल तर बदल. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या रबराला बारीक चिरा पडतात, तिथून हवा खेचते आणि घाटात गाडी खोकते. चिरा बघायला ते वाकवून बघावं लागतं. व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट मात्र कुणाला 'सेट' करू देऊ नकोस. तुझ्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यात सेट करण्यासारखं काही नसतं, आणि त्याचे पैसे लावणारा माणूस बाकीचे कशाचे लावतो देव जाणे. मग कॉम्प्रेशन गेज लावून घे. कमी आलं तर रिंग आणि व्हॉल्व्हचं काम कर. ६२,००० ला ते निघू शकतं, आणि गेलेले घोडे परत मिळाले की नवे विकत घ्यायची गरज बरेचदा उरत नाही.

तरीही घाटात ओढ हवी असेल तर पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदल. १८ दातांच्या जागी १७ घातलं तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ जवळजवळ सहा टक्के वाढते. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावरून येते, त्यामुळे काटा खोटं बोलायला लागत नाही. हायवेला इंजिन थोडं जास्त फिरेल, तेवढं सोसायचं. आवडलं नाही तर जुनं स्प्रॉकेट परत लाव, एका तासाचं काम. पहिल्या महिन्यात मी तुला एवढंच करू देईन.

आणि हे सगळं करूनही पाचशेचं वेड गेलं नाही तर पाचशेच घे. कंपनीने ५०० बंद केली २०२०ला, पण चांगल्या ठेवलेल्या सेकंडहँड गाड्या फिरतायत. तुझी विक, हे ४५,००० त्यात घाल. हेड, इंजेक्शन, क्रँक, आरसी, विमा, सगळं जुळलेलं मिळेल.

बाकी घाटात तिसऱ्या गिअरवर येणं म्हणजे हार नव्हे बाबा. तो गिअर त्यासाठीच दिलाय. ग्रुप वर चहाच्या टपरीवर थांबलेला असतोच.

काका, माझी नवीन ३४९ सीसीची बुलेट आहे. तिला बोअर किट आणि ईसीयू रीमॅप एकदम केलं तर टॉप स्पीड किती वाढेल?
— अंधेरी (पश्चिम)

तुझा बोअर ७२, स्ट्रोक ८५.८. आणि गाडी अजून वॉरंटीत आहे हे तूच पत्रात खाली लिहिलंयस. केलंस की वॉरंटी संपली. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

वाचणारच असशील तर ऐक. रीमॅपचा, म्हणजे ईसीयू या गाडीच्या संगणकातला तक्ता बदलायचा, विचार तू केलास हे बरं केलंस, बरेच जण करत नाहीत. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो, आणि त्याच्या तक्त्यात ३४९ सीसी लिहिलेली आहे. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर सावकाश चालवताना थोडी दुरुस्ती करून घेतो. पण तू थ्रॉटल पूर्ण पिळलास की संगणक सेन्सरचं ऐकणं सोडून तक्त्यावर जातो. नेमकं तेव्हाच, जेव्हा मोठ्या पिस्टनला जास्त पेट्रोल हवंय, त्याला कमी मिळतं. मिश्रण उपाशी, इंजिन तापलेलं. म्हणून रीमॅपशिवाय बोअर नाही. आणि रीमॅप डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, गाडी चढवून करायचा असतो, मोबाइलवर आलेली फाइल टाकून नव्हे.

टॉप स्पीडचं म्हणशील, तर हवेचा विरोध फार वाईट हिशेबाने वाढतो. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. जुन्या ३५० ची ताकद १९.८ बीएचपी, ५०० ची २७.२. म्हणजे ३७ टक्के जास्त. एवढ्या ताकदीने वेग वाढतो जेमतेम ११ टक्के, शंभराचे एकशे अकरा. त्या अकरासाठी इंजिन उघडायचं?

आणि चालवणार कुठे? सी-लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, जे. जे. फ्लायओव्हरवर बंदी, पुण्याच्या एक्स्प्रेसवेवरही बंदी. उरला तुझा लिंक रोड. तिथे संध्याकाळी सातला तू कितवा गिअर टाकतोस ते मला कळव, मी छापायला देतो.

मेस्त्री, बाबांची १९९३ ची यामाहा आरएक्स १०० आहे. बाबा गेले, गाडी चार वर्षं चाळीच्या जिन्याखाली ताडपत्री घालून होती. आता चालू करतोय. ब्लॉकला ओरखडे आहेत. सगळे म्हणतात, हाच ब्लॉक घासून रिबोर करण्यापेक्षा १३५ चा ब्लॉक टाक, गाडी उडेल. टाकू?
— खेतवाडी, गिरगाव

हे पत्र मी दोनदा वाचलं.

हिशेब सोपा आहे. आरएक्स १०० म्हणजे ५० चा बोअर आणि ५० चा स्ट्रोक, ९८ सीसी. आरएक्स १३५ म्हणजे ५८ चा बोअर, स्ट्रोक तोच ५०, १३२ सीसी. मुंबईत असे शेकड्याने ब्लॉक बदललेत, त्यातले बरेच माझ्या हातून. गाडी जोरात जाते, नाही असं नाही. पण फोर-स्ट्रोकमध्ये ब्लॉक म्हणजे नळी असते. टू-स्ट्रोकमध्ये ब्लॉक हाच इंजिनाचा स्वभाव. हवा कुठून आत येणार, धूर कधी बाहेर जाणार हे सगळं ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडक्यांवर ठरतं. अशा खिडकीची, म्हणजे पोर्टची, वरची कड मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तरी ताकद येण्याची जागा बदलते. ब्लॉक बदललास तर गाडी १३५ होईल, आणि तुझ्या बाबांची आरएक्स उरणार नाही. तो ठणठणीत, कोरडा, आरपीएम चढला की ओरडणारा आवाज त्या पन्नासच्या बोअरचा आहे.

ओरखडे किती खोल आहेत? नख आडवं फिरव. नख अडकत नसेल तर नुसतं होनिंग, म्हणजे दगडाने भिंत हलकी घासणं, करून रिंग बदलून भागेल. अडकत असेल तर बोअर गेजने मोजायचं, वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं. सगळ्यात मोठा आकडा येईल त्याच्या पुढचा ओव्हरसाइज पिस्टन. पाव मिलिमीटरने निघतंय तर पावच, अर्धा घ्यायचा नाही. या ब्लॉकला अजून किती बोअर बाकी आहेत, ते आपण वाचवतो तेवढेच.

आणि एक काम नवशिके लेथवाले विसरतात. टू-स्ट्रोकचा ब्लॉक बोअर केला की पोर्टच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या बारीक कानशीने हाताने मोडाव्या लागतात, वरून, खालून, सगळीकडून. नाहीतर रिंग जाता-येता खिडकीत अडकते आणि तुटते. रिंगची दोन टोकंही पोर्टसमोर येऊ नयेत म्हणून पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते. टोकं त्या पिनवर बसलीत ना, हे बघूनच ब्लॉक खाली उतरवायचा. कडा मोडायला माझी मोठी बहीण जास्त चांगली होती. बाबा गाळा चालवायचे तेव्हा शाळेतून आली की कंदिलाची काच पुसावी तशी ब्लॉकच्या आत हात घालून कडा चाचपायची. "अजून चावतंय" म्हणाली की बाबा पुन्हा कानस घ्यायचे.

ब्लॉकच्या आधी क्रँकचे सील बदल. चार वर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकचे सील कडक होतात, हवा ओढतात, आणि नवा पिस्टन पहिल्या आठवड्यात जळतो. टाकी आणि कार्ब्युरेटर धुऊन घे. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्याने मिश्रण थोडं पातळ होतं, तेव्हा मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघत जा. चहासारखा तपकिरी हवा, पांढरा दिसला तर थांब.

१३५ चा ब्लॉक हवाच असेल तर वेगळा विकत घे आणि वेगळा बसव, पण बाबांचा ब्लॉक तेल लावून कागदात गुंडाळून माळ्यावर ठेव. चोरबाजारात मूळ ब्लॉक गंजलेला असला तरी भाव खाऊन जातो.

नमस्कार. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या १५० सीसीच्या बाइकला मोठ्या गाडीचा ब्लॉक बसवायचा म्हणून ₹३५,००० मागतो. नाही म्हटलं तर "आई, तुला टेक्निकल कळत नाही" म्हणतो. यात धोका किती?
— मुलुंड (पूर्व)

ताई, टेक्निकल मी सांगतो, तुम्ही फक्त त्याला तीन गोष्टी विचारा. नवा ब्लॉक कोणत्या मॉडेलचा आणि त्याचा स्ट्रोक आपल्या गाडीशी जुळतो का? एकाच कंपनीच्या गाड्यांतही जुळेलच असं नाही. पल्सर १८० आणि जुनी पल्सर २०० यांचा स्ट्रोक एकच, ५६.४ मिलिमीटर, पण २२० चा ६२.४. नुसता ब्लॉक उचलून बसवणाऱ्याचा पिस्टन एकतर हेडला आपटतो, नाहीतर हेडपर्यंत पोचतच नाही. दुसरं, बसवल्यावर कॉम्प्रेशन किती? तिसरं, मागचा ब्रेक ड्रम आहे की डिस्क, आणि वाढलेल्या वेगाला तो थांबवेल का?

तिन्हींची उत्तरं कागदावर आकड्यांनिशी लिहून दिली तर मुलगा हुशार आहे, त्याला एखाद्या रविवारी माझ्याकडे पाठवा. भाचा त्याला बोअर गेज हातात देईल. मायक्रोमीटरवर गेज शून्याला लावून तीनदा एकच आकडा काढून दाखवायचा, एवढी परीक्षा. सोपी वाटते, पण पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. मला आठवडा लागला होता.

उत्तरं नाही दिली तर पैसे देऊ नका. रस्त्यावरच्या गाडीला हे कायद्यातही बसत नाही, ते वर डोंबिवलीकराला सांगितलंच आहे. त्या ₹३५,००० तले थोडे चांगल्या टायरवर आणि हेल्मेटवर घाला. मुलुंड ते कॉलेज एवढ्या अंतराला १५० सीसी भरपूर झाल्या.

काका, मी डिलिव्हरीचं काम करतो, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर. स्प्लेंडर आहे, धूर मारते, ऑइल खाते. मेकॅनिक बोअर करायला सांगतो. बोअर केल्यावर सीसी वाढून आरटीओचा प्रॉब्लेम होईल का? आणि एकदम मोठा पिस्टन टाकला तर ॲव्हरेज वाढेल?
— गोवंडी

नाही होणार. हा रिबोर आहे, दुरुस्ती. बाकीचे विचारतायत तो हौशीचा बोअर, आणि तुझा पोटाचा.

स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, सीसी ९७.२. पूर्ण एक मिलिमीटर वाढवून शेवटचा ओव्हरसाइज पिस्टन टाकला तरी १०१ सीसी होतात. चार सीसीत कुणाचं काही बिघडत नाही. पण एकदम मोठा टाकू नकोस. ॲव्हरेज त्याने वाढत नाही, उलट पुढच्या वेळी बोअर करायला भिंत उरत नाही. पाव मिलिमीटरने साफ होत असेल तर पावच करू.

धूर कधी मारते ते बघून ठेव. सकाळी चालू करताना भसकन येतो आणि मग थांबतो, तर व्हॉल्व्ह सील गेलेत. ब्लॉक उघडायची गरज नाही, खर्च थोडाच येईल. चालवताना थ्रॉटल दिला की सतत येतो, तर रिंग-ब्लॉक. तुझ्या मेकॅनिकने हे न बघताच बोअर सांगितला असेल तर आधी हे बघ.

ब्लॉकच निघाला तर मंगळवारी आण, सोमवारी लेथ बंद असते. सकाळी नऊला दिलास तर दुपारी तीनपर्यंत मिळेल, म्हणजे रात्रीची शिफ्ट बुडणार नाही. आणि नवा पिस्टन बरोबर घेऊन ये, नुसता ब्लॉक नको. डब्यावर लिहिलेल्या मापावर मी बोअर करत नाही. पिस्टन आधी मायक्रोमीटरने मोजतो, मगच ब्लॉक लेथला लावतो.